रक्ती हगवण आणि मलेरियाची गोळी

पावसाळा सुरू झाला की कोंबडीपालन करणाऱ्या सभासदाच्या डोळ्यांवरची झोप उडते. शेडमधली गादी ओलावते, वाऱ्यापावसासाठी पडदे सोडावे लागतात, आत कोंदट वास सुटतो. आणि एखाद्या सकाळी तीन-चार आठवड्यांची पिले पंख सोडून, डोळे मिटून कोपऱ्यात गोळा झालेली दिसतात. खाली पाहावे तर विष्ठेत रक्त. दुसऱ्या दिवशी दहा पिले मरतात, तिसऱ्या दिवशी त्याहून अधिक. उसाचे बिल हाती येईपर्यंत घरखर्च भागवणारा हा जोडधंदा. बँकेचा हप्ता, खाद्याची उधारी सगळे त्या पिलांच्या जिवावर उभे असते. अशा वेळी माणूस हातात येईल ते औषध करू पाहतो, यात नवल नाही.

मग शेजारी सांगतो, "अहो, घरात मलेरियाच्या गोळ्या पडल्यात न्हवं? त्याच द्या की पाण्यातनं. माणसाचा जंतू मारत्यात, कोंबडीचा मारणार न्हाईत व्हय?"

या सल्ल्यात थोडे खरे आहे आणि पुष्कळसे खोटे आहे. खऱ्याखोट्याची अशी सरमिसळ निव्वळ खोट्यापेक्षा जास्त नुकसान करते, कारण ती पटकन पटते. म्हणून मलेरियाची औषधे आणि कोंबड्यांचे रोग यांचा खरा संबंध काय, कोणते औषध कुठे चालते, कुठे चालत नाही आणि का, हे एकदा नीट समजून घेणे सभासदांच्या हिताचे आहे.

एका भावकीतले दोन जंतू

रक्ती हगवणीला शास्त्रात कॉक्सिडिओसिस म्हणतात. हा रोग आयमेरिया नावाच्या अतिसूक्ष्म, एकपेशीय परोपजीवी जंतूमुळे होतो. कोंबडीत त्याच्या सात जाती आढळतात. त्यांपैकी आयमेरिया टेनेला ही जात कोंबडीच्या आतड्याच्या शेवटाकडे असणाऱ्या दोन पिशव्यांत, म्हणजे आंधळ्या आतड्यांत, घर करते. विष्ठेतून भळभळ रक्त जाते ते बहुतेक हिच्यामुळे.

मलेरिया ज्याच्यामुळे होतो तो प्लाझ्मोडियम हा जंतूही याच भावकीतला. दोघांचा मूळपुरुष एक, शरीराची घडण पुष्कळशी एकसारखी. दोघेही दुसऱ्याच्या पेशीत शिरतात, आत वाढतात, एकाचे अनेक होतात आणि पेशी फोडून बाहेर पडतात. शेजाऱ्याच्या सल्ल्यात जे थोडे खरे आहे ते एवढेच.

पण भावकी एक असली तरी घरे आणि धंदे वेगळे असतात. मलेरियाचा जंतू डासाच्या सोंडेतून येतो आणि तांबड्या रक्तपेशीत राहून रक्तावर पोसतो. आयमेरियाला डास लागत नाही. आजारी पिलाच्या विष्ठेतून त्याची अंड्यासारखी कवचबंद बीजे बाहेर पडतात. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती पिकतात, आणि गादी टोचताना, दाणे-पाणी घेताना दुसऱ्या पिलाच्या पोटात जातात. तेथे आतड्याच्या अस्तरातील पेशींत शिरून जंतू वाढतो. चौथ्या-पाचव्या दिवशी अस्तर फाटते, रक्त वाहते. सातव्या दिवसाच्या सुमारास नवी बीजे विष्ठेतून बाहेर पडू लागतात आणि फेरा पुन्हा सुरू. पावसाळ्यात हा रोग का फोफावतो, याचे उत्तर त्या ओल्या गादीत आहे.

कोंबडीचाही मलेरिया असतो

कोंबड्यांना स्वतःचा मलेरियाही होतो, हे अनेकांना ठाऊक नसते. त्याचा एक जंतू म्हणजे प्लाझ्मोडियम गॅलिनेशियम. फ्रेंच शास्त्रज्ञ एमिल ब्रुम्प्ट यांनी १९३५ साली त्याचे वर्णन केले. तो मिळाला होता सिलोनमधल्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या, कोंबड्यांत. दक्षिण आणि आग्नेय आशियातील रानकोंबडा हे त्याचे मूळ घर. या रोगात पक्षी मलूल होतो, तुरा फिका पडतो, रक्त कमी होते. हा जंतू माणसाला लागत नाही, आणि माणसाचा मलेरिया कोंबडीला लागत नाही. तेव्हा शेडमधल्या पक्ष्यांमुळे घरात हिवताप आला, असे कोणी म्हणाले तर ते मनावर घेऊ नये. मात्र शेडभोवती साचलेले पाणी डास वाढवते आणि ते डास माणसाला चावतात, ही गोष्ट निराळी आणि खरी.

माणसाच्या औषधावर पक्ष्यांचे ऋण

मलेरियाच्या औषधांचा इतिहास पाहिला तर गोष्ट उलटी दिसते. माणसाचे औषध कोंबडीला द्यावे का, असे आपण आज विचारतो; पण ते औषध आधी पक्ष्यांच्याच जिवावर तयार झाले आहे.

रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात मलेरियाच्या जंतूची वाढ पाहिली. पुढच्या वर्षी ते कलकत्त्यास होते. तेथे मलेरियाचे रोगी प्रयोगाला मिळणे अवघड झाले, म्हणून ते पक्ष्यांच्या मलेरियाकडे वळले. आजारी पक्ष्याला चावलेल्या डासाच्या लाळेच्या ग्रंथीपर्यंत जंतू कसा पोचतो, आणि तोच डास निरोगी चिमणीला चावला की तिला मलेरिया कसा होतो, हे त्यांनी १८९८ मध्ये दाखवून दिले. या शोधासाठी त्यांना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डास मलेरिया पसरवतो, ही आज शाळेतल्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट आपल्याच देशात चिमण्यांनी सिद्ध करून दिली.

पुढे १९२० च्या दशकात जर्मनीत नवी औषधे मलेरिया झालेल्या कॅनरी पक्ष्यांवर तपासली जाऊ लागली. ब्रुम्प्ट यांचा जंतू सापडल्यावर कोंबडीची पिले या कामी आली. पिले स्वस्त, हवी तेवढी मिळणारी आणि रोग ठराविक वेळात येणारा. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला मलेरियाने हैराण केले, तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत हजारो रसायने अशा पिलांवर तपासली गेली. १९४५ साली जाहीर झालेले प्रोग्वानिल, म्हणजेच पॅलुड्रिन, हे औषध याच वाटेने आले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस आलेल्या पायरिमेथामाइन या औषधाची परीक्षाही पिलांवर झाली. त्या कामात अग्रभागी असलेले जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांना पुढे १९८८ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

मग जी औषधे पिलांवरच पारखली, ती आपल्या पिलांना का चालू नयेत? येथेच घोटाळा होतो. ती पिले मलेरियाने आजारी होती, रक्ती हगवणीने नव्हेत.

क्लोरोक्विन रक्ती हगवणीवर का चालत नाही

घराघरांत ओळखीची असलेली मलेरियाची गोळी म्हणजे क्लोरोक्विन. ती जंतूला कशी मारते ते पाहिले म्हणजे सगळा उलगडा होतो.

मलेरियाचा जंतू तांबड्या रक्तपेशीतला लाल पदार्थ, हिमोग्लोबिन, खातो. ते पचवताना त्यातून लोह असलेला एक विषारी अंश उरतो. जंतू त्या विषाचे काळसर निरुपद्रवी खडे बनवतो आणि स्वतःचा जीव वाचवतो. क्लोरोक्विन हे खडे बनू देत नाही. मग जंतू स्वतःच्याच जेवणातल्या विषाने मरतो.

आता आयमेरियाकडे पाहा. तो राहतो आतड्याच्या अस्तरात. रक्त वाहते ते अस्तर फाटल्यामुळे. जंतू काही रक्त पिऊन पोसत नाही. त्याच्या पोटी हे विष तयार होत नाही, मग क्लोरोक्विनने अडवायचे काय? उसावरच्या किडीचे औषध पाण्याच्या मोटारीत ओतून मोटार दुरुस्त होत नाही, तसेच हे. उलट या औषधात गुण आणि विषबाधा यांच्यातले अंतर थोडे असते. लहान पिलाला किती गेले याचा हिशेब पाण्याच्या भांड्यातून लागत नाही. औषध दिले या समाधानात दोन दिवस जातात, आणि रक्ती हगवणीत दोन दिवस म्हणजे अर्धी बॅच.

क्लोरोक्विनला पक्ष्यांच्या जगात जागा आहे, ती पक्ष्यांच्या मलेरियात. प्राणिसंग्रहालयातील पेंग्विनना मलेरिया फार जिव्हारी लागतो. तेथील पशुवैद्य क्लोरोक्विन आणि प्रायमाक्विन यांची जोडी वापरतात. पण ती रक्त तपासून, वजन करून, एकेका पक्ष्याला.

दोन्हीकडे चालणारी औषधे

आता सल्ल्यातला खरा भाग. काही औषधे मलेरिया आणि रक्ती हगवण या दोन्ही जंतूंवर चालतात. त्यांचे कारण मात्र रक्तात नाही, जंतूच्या चुलीत आहे.

वाढीसाठी प्रत्येक जिवाला फॉलिक आम्ल लागते. कोंबडी आणि माणूस ते अन्नातून आयते घेतात. हे जंतू मात्र ते स्वतःच्या घरी रांधतात. हे रांधणे बंद पाडले तर जंतूची वाढ थांबते आणि कोंबडीचे फारसे बिघडत नाही. सल्फा गटातील औषधे या कामातल्या एका कच्च्या मालासारखी दिसतात. जंतू फसतो, खोटा माल चुलीवर ठेवतो आणि पहिली पायरीच अडते. पायरिमेथामाइन पुढची पायरी अडवते. एकच वाट दोन ठिकाणी अडवली की दोन्ही औषधे थोड्या प्रमाणात देऊनही मोठा गुण येतो.

सल्फाक्विनॉक्झलिन हे सल्फा औषध १९४८ साली अमेरिकेत कोंबडीच्या खाद्यातून रक्ती हगवणीच्या प्रतिबंधासाठी वापरात आले. पायरिमेथामाइन किंवा त्याच्यासारखेच काम करणारे डायव्हेरिडिन त्याला जोडले की त्याचा जोर वाढतो. डायव्हेरिडिनची जोडी असलेली पूड पशुवैद्याच्या चिठ्ठीवर आजही मिळते. पण सल्फा ही दुधारी वस्तू आहे. जास्त दिवस किंवा जास्त प्रमाणात दिली तर रक्त गोठण्याला लागणाऱ्या के जीवनसत्त्वाच्या कामात ती आड येते, आणि पक्ष्याच्या शरीरात रक्तस्राव होतो. म्हणजे रक्त थांबवायला दिलेले औषधच रक्त वाहवते! म्हणून सल्फा सलग न देता मध्ये खंड ठेवून देतात, आणि ती खाण्याच्या अंड्यांवर असलेल्या कोंबड्यांना देत नाहीत.

दुसरे उदाहरण चीनच्या झाडपाल्याचे. चांगशान नावाची वनस्पती तेथे शेकडो वर्षे हिवतापावर दिली जात असे. हिमालयातही ती आढळते. तिच्यातील फेब्रिफ्यूजिन हे द्रव्य मलेरियावर गुणकारी, पण त्याने माणसाला उलट्या होत. औषध म्हणून ते टिकले नाही. त्याच द्रव्यात थोडा फेरफार करून हॅलोफ्युजिनोन तयार झाले, आणि ते ब्रॉयलरच्या खाद्यात एका टनाला अवघे ३ ग्रॅम या प्रमाणात रक्ती हगवणीच्या प्रतिबंधासाठी वापरले गेले. माणसाला न मानवलेले मलेरियाचे औषध कोंबडीला उपयोगी पडले, ते असे. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना आणि बदकांना मात्र ते चालत नाही.

तिसरे उदाहरण आर्टेमिसिया ॲन्युआ या वनस्पतीचे. तिच्यातून मलेरियाचे आर्टेमिसिनिन हे औषध शोधणाऱ्या चीनच्या तू यूयू यांना २०१५ चे नोबेल मिळाले. १९९७ साली अमेरिकेत या वनस्पतीची वाळलेली पाने पिलांच्या खाद्यात मिसळून पाहिली. आयमेरिया टेनेलामुळे होणारी इजा कमी झाली, पण इतर दोन जातींवर तसा गुण दिसला नाही. जोतिबाला आपण वाहतो तो दवणा याच कुळातला. पण ती वनस्पती निराळी आहे. दवण्याला औषध समजून पिलांना घालू नये.

एका गोळीचा हिशेब

"मग पायरिमेथामाइनची माणसाची गोळी तरी चालंल का?" असा पुढचा प्रश्न येतो. त्यासाठी आधी जपानकडे पाहू आणि मग साधे गणित करू.

जपानात १९५० च्या दशकात कोंबड्यांत एक रोग पसरला. त्याचा जंतू ल्युकोसायटोझून कॉलेरी. तोही मलेरियाच्या जवळच्या नात्यातला. भातखाचरांच्या चिखलात वाढणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या चावऱ्या माश्या तो पसरवतात. पक्ष्याच्या शरीरात जागोजागी रक्तस्राव होतो, तुरा पांढरा पडतो, विष्ठा हिरवी होते. तेथील शास्त्रज्ञांनी मलेरियाचीच जोडी, पायरिमेथामाइन आणि एक सल्फा, खाद्यातून देऊन हा रोग आवरला. प्रमाण होते टनभर खाद्याला १ ग्रॅम पायरिमेथामाइन आणि १० ग्रॅम सल्फाडायमेथॉक्सिन.

आता गणित. दिवसाला ५० ग्रॅम खाद्य खाणाऱ्या पिलाच्या पोटात या प्रमाणाने पायरिमेथामाइन जाते ०.०५ मिलिग्रॅम. माणसाच्या मलेरियाच्या जोडगोळीत ते असते २५ मिलिग्रॅम. म्हणजे एका गोळीत ५०० पिलांचा एका दिवसाचा प्रतिबंधक डोस आहे. ती गोळी बोटाने चुरडून एका भांड्यात टाकली, तर ती नीट विरघळतही नाही. जे पिलू पहिले पाणी पिते त्याला विषबाधा होते आणि शेवटच्याला काहीच मिळत नाही. वर जपानातले प्रमाण हे रोग येऊ नये म्हणून होते, रक्त पडायला लागल्यावरचा उपचार म्हणून नव्हे.

जपानच्या गोष्टीचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. तेच औषध वर्षानुवर्षे दिल्यावर पायरिमेथामाइनला दाद न देणारे जंतू तेथे निपजले. माणसांतही असेच झाले. भारताच्या २०१० च्या औषध धोरणात फॅल्सिपेरम मलेरियासाठी आर्टेसुनेटबरोबर सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइनची जोडी घेतली होती. ईशान्य भारतात जंतू तिला जुमानेनात, म्हणून २०१३ मध्ये त्या राज्यांसाठी दुसरे औषध आणावे लागले. कोंबडीच्या जंतूपासून माणसाच्या जंतूला हा गुण मिळत नाही, हे खरे. पण माणसाच्या तापासाठी आणलेला पूर्ण कोर्स अर्धा कोंबड्यांना आणि अर्धा माणसाला गेला, तर घरातल्या माणसाचा मलेरिया अर्धवट राहतो. दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या ज्याच्या नावाच्या, त्यानेच संपवाव्यात.

रक्त दिसल्यावर करावयाचे

पहिले काम निदान. रक्ती हगवण, मानमोडी, ल्युकोसायटोझून आणि मलेरिया यांची बाह्य लक्षणे अनेकदा एकमेकांत मिसळतात आणि औषधे मात्र वेगळी असतात. मानमोडी विषाणूचा रोग, त्यावर कोणतीच मलेरियाची किंवा हगवणीची पूड चालत नाही. म्हणून नुकतेच मेलेले एक-दोन पक्षी प्लास्टिकच्या पिशवीत घालून लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावेत. आंधळ्या आतड्यात रक्त भरलेले दिसले आणि सूक्ष्मदर्शकाखाली बीजे दिसली की रक्ती हगवण पक्की. मोठ्या तपासणीसाठी औंध (पुणे) येथील रोग अन्वेषण विभागाचा रस्ता डॉक्टर दाखवतील.

दुसरे, औषध पाण्यातून. आजारी पिलू खाणे सोडते पण पाणी पिते. यासाठी ॲम्प्रोलियम हे औषध १९६० पासून वापरात आहे. ते मलेरियाच्या औषधांतले नव्हे. जंतूला लागणारे बी-१ जीवनसत्त्व ते अडवते. २० टक्के पूड असेल तर नेहमीचे प्रमाण १०० लिटर पाण्याला ६० ग्रॅम, रोग जोराचा असल्यास १२० ग्रॅम, असे तीन ते पाच दिवस. त्यानंतर ३० ग्रॅम एक ते दोन आठवडे. पाकिटावरचे प्रमाण किंवा डॉक्टरांचे सांगणे वेगळे असेल तर तेच पाळावे. औषधाचे पाणी रोज ताजे करावे आणि त्या काळात दुसरे पाणी ठेवू नये. या दिवसांत बी-१ असलेले टॉनिक देऊ नये. त्याने औषधाचा गुण मारला जातो. उपचार आजारी पिलांपुरता न करता सगळ्या शेडला करावा, कारण चांगल्या दिसणाऱ्या पिलांच्या पोटातही बीजे गेलेली असतात.

तिसरे, खाद्याच्या पोत्यावरची चिठ्ठी वाचावी. पुष्कळ तयार खाद्यांत रक्ती हगवण रोखणारे औषध आधीच मिसळलेले असते. वरून दुसरे घालण्यापूर्वी डॉक्टरांना ते नाव दाखवावे. करार पद्धतीत पिले असतील तर कंपनीच्या डॉक्टरला न विचारता काहीही घालू नये.

चौथे, अंडी आणि मांस. प्रत्येक औषधाला थांबण्याचा काळ असतो. तो संपेपर्यंत पक्षी कापू नयेत आणि अंडी विकू नयेत, घरच्या पोरांनाही देऊ नयेत. टोल्ट्राझुरिलसारखी काही औषधे खाण्याची अंडी देणाऱ्या कोंबड्यांना मुळीच चालत नाहीत. बाजारात आपल्या गावाच्या अंड्याचे नाव टिकले तर धंदा टिकेल.

गादी कोरडी, तर बॅच सलामत

औषध हे लागलेली आग विझवण्यासाठी. आग लागू नये याची सोय गादीत आहे.

गादी दोन ते तीन इंच जाड असावी. भाताचे तूस, लाकडाचा भुसा, शेंगांची टरफले, जे स्वस्त मिळेल ते चालते. बगॅसही चालतो, पण पूर्ण वाळलेलाच. ढिगात तापलेला, बुरशी लागलेला बगॅस आणून टाकला तर त्या बुरशीने पिलांची फुप्फुसे धरतात. म्हणजे एक रोग टाळायला गेलो आणि दुसरा घरात आणला, असे होईल.

गादीची परीक्षा सोपी आहे. मूठभर गादी हातात घेऊन दाबावी. मूठ उघडल्यावर ती सुटी होऊन पडली तर ठीक. लाडू झाला तर ओल जास्त आहे. मग ती रोज उकरून वर-खाली करावी, ओले गोळे काढून टाकावेत, चुना मिसळावा. बहुतेक ओल पाण्याच्या भांड्यांखाली असते; भांडी पिलांच्या पाठीच्या उंचीला टांगावीत आणि गळणारे निपल त्याच दिवशी दुरुस्त करावे. पावसात पडदे अगदी बंद न करता वरून हवा खेळती ठेवावी.

नुसते फिनेल शिंपडून काम झाले असे समजू नये. आयमेरियाच्या बीजाचे कवच इतके चिवट असते की नेहमीची जंतुनाशके त्याला पुरी पडत नाहीत. ऊन, उष्णता आणि कोरडेपणा यांपुढे मात्र ते टिकत नाही. म्हणून बॅच गेल्यावर जुनी गादी पूर्ण काढावी, जमीन खरवडून धुवावी, शेड उन्हावाऱ्याला उघडी ठेवावी आणि दोन बॅचमध्ये पुरेसे दिवस जाऊ द्यावेत. काढलेली गादी उसाला उत्तम खत आहे. ती शेडपासून दूर ढीग करून कुजवावी आणि मग शेतात न्यावी. ज्या खोऱ्याने ती ओढली ते खोरे आणि ज्या चपला घालून ओढली त्या चपला लहान पिलांच्या शेडमध्ये नेऊ नयेत. कामाचा क्रमही ध्यानात ठेवावा: सकाळी आधी लहान पिले, मग मोठे पक्षी, शेवटी आजारी.

अंड्यांसाठी किंवा पैदाशीसाठी पक्षी दीर्घकाळ ठेवावयाचे असतील तर लसीचाही विचार करावा. थोडासा संसर्ग झालेल्या पिलाला पुढे त्या जातीचा रोग सहसा जोरात होत नाही. याच तत्त्वावर जिवंत बीजांची लस १९५२ पासून अमेरिकेत निघाली, आणि अशा लसी आता अनेक देशांत वापरतात. गिरिराज, वनराज किंवा गावरान पक्षी अंगणात पाळणाऱ्या भगिनींनी एवढे केले तरी पुरे: खुराडे रोज झाडावे, त्यात राख किंवा कोरडी माती टाकावी, पाण्याचे भांडे विटेवर ठेवावे, आणि लहान पिले मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी कोंडावीत.

येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक कोंबडीपालक सभासदाने तीन गोष्टी करून ठेवाव्यात: शेडचे गळके पत्रे बदलावेत, कोरडी गादी साठवून ठेवावी आणि जवळच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा फोन नंबर शेडच्या दारावर खडूने लिहावा. रक्त दिसल्याच्या पहिल्या दिवशी तो फोन लागला, तर बहुतेक बॅच हाती लागते. मलेरियाच्या गोळ्यांचे पाकीट कपाटात राहू द्यावे. ते घरात कोणाला ताप आला आणि रक्त तपासून मलेरिया निघाला, तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून उपयोगी पडेल.